सुनेच्या बदली

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे हं, उजव्या हाताला लिहायची फळी जोडलेली, विद्यापीठाच्या वर्गातली खुर्ची. आता मी तळमजल्यावरच्या जिन्याखाली असते. माझा मागचा एक पाय आखूड झालाय, फळीचा कोपरा उडालाय, पण पाठीवर रंगवलेला सव्वीस हा आकडा अजून नीट वाचता येतो. झाडणाऱ्या मावशी पूर्वी माझ्यावर बादली ठेवायच्या. हल्ली ठेवत नाहीत. का ठेवत नाहीत, तेच मला सांगायचंय. त्यासाठी तुम्हाला एका सुनेची आणि तिच्या सासऱ्यांची गोष्ट ऐकावी लागेल. कंटाळा आला तर खुशाल चुळबुळ करा, पण मधेच उठून जाऊ नका. उठून गेलेलं माणूस खुर्चीला फार लागतं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. तिथे लोखंडी नळ्या कापायच्या, वाकवायच्या आणि जोडायच्या. विद्यापीठाचं मोठं काम आलं होतं आणि मालक भलतेच खुशीत होते. वेल्डर मात्र नळी हातात धरून उभा राहिला. त्याला प्रश्न पडला होता.

"मालक, विद्यार्थी म्हणजे केवढा धरू?"

मालक फोनवर बोलत होते. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "केवढा म्हणजे? असेल अठरा-वीस वर्षांचा. काटकुळाच धर. वर्गात जास्त खुर्च्या मावतील."

वेल्डरने मान हलवली आणि पाठ नि फळी यांच्यामध्ये काटकुळ्या माणसापुरती जागा ठेवली. फळी कायमची जोडून टाकली, वर उचलायची सोयच नाही. तेव्हापासून माझ्या हाडात एक गोष्ट पक्की बसली, की विद्यार्थी म्हणजे अठरा वर्षांचा, बारीक, उजव्या हाताने लिहिणारा आणि दिवसभर मोकळा.

पहिली काही वर्षं हे अगदी बरोबर निघालं. सकाळी मुलं-मुली धडाधडा येऊन बसायची, माझ्या फळीवर डोकं टेकून झोपायची, कर्कटकाने बदाम कोरायची. एका पाहुण्यांनी वर्ग बघून "छान बसायची सोय केलीय तुम्ही" असं म्हटलं, तेव्हा मी इतकी फुगले की विचारू नका. खरं सांगू का, त्या वयात मलाही वाटायचं, जगात याहून वेगळे विद्यार्थी नसतातच.

मग विद्यापीठाने नोकरी करणाऱ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. फाटकावर मोठा फलक लागला. फलकावर हसरी, मोठ्या वयाची माणसं पुस्तकं घेऊन उभी होती. फलक खरोखर छान होता. बाकी काहीच बदललं नव्हतं. कार्यालयाची खिडकी पाचला बंद व्हायची आणि संध्याकाळची माणसं यायची सहाला. एवढासा दाखला हवा असला तरी बिचाऱ्यांना अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागायची. ती येईपर्यंत ग्रंथालयाला कुलूप, उपाहारगृहाला कुलूप, आणि मधल्या वाटेचे दिवे पहारेकरी वीज वाचवायला म्हणून घालवून टाकायचा. हजेरीचा नियम दिवसाच्या मुलांचा होता तोच. चारातले तीन तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नसे. प्रत्येकाच्या नंबराची खुर्ची ठरलेली होती, म्हणजे कोण आलं नाही ते चटकन दिसावं.

आणि त्या माणसांनी बसायचं कुठे? तर आमच्यावर! पहिल्या संध्याकाळी काय तारांबळ उडाली म्हणता! बसचे ड्रायव्हर, वायरमन, दुकानातले कारकून, सगळे जण पोट आत घेऊन फळीखाली शिरायला बघत होते. शेवटी बहुतेकांनी तिरकं बसून घेतलं. पंचवीस नंबरला शिवणवाल्या ताई होत्या. त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. त्या बसता बसता मोठ्याने म्हणाल्या, "एवढ्या मापाचं मी कुणाला शिवून दिलं असतं तर गिऱ्हाईकाने तोंडावर फेकलं असतं." सगळा वर्ग हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या वाट्याला, म्हणजे सव्वीस नंबरला, एक नर्स आली. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. चाळिशी केव्हाच ओलांडलेली, अंगाने भरलेली, दिवसभर उभी राहून पायांवर सूज आलेली. तिच्या कपड्यांना औषधांचा वास यायचा. पहिल्या दिवशी ती बसली तेव्हा फळी तिच्या पोटात रुतली. ती माझ्यावर चिडली नाही. एका कुशीला वळली, वही गुडघ्यावर घेतली आणि तशीच लिहायला लागली.

ती का आली होती, ते ती शिवणवाल्या ताईंना सांगत होती ना, ते मी ऐकलंय. तिच्या हॉस्पिटलला जोडून नर्सिंगची शाळा निघणार होती. तिथे शिकवणारीची एकच जागा होती आणि त्या जागेला शिक्षणशास्त्राची पदवी हवी होती. तीही यंदाच्या निकालात मिळालेली हवी, कारण पुढच्या वर्षी जागा भरून टाकणार होते.

"नव्या पोरी वॉर्डात येतात ना, ताई," ती म्हणायची, "पहिलं इंजेक्शन देताना थरथरतात अगदी. मी त्यांचा हात धरते. एवढी वर्षं धावतपळत तेच करत आले. एकदा तरी मला त्यांना नीट, बसवून शिकवायचंय गं. धावपळ न करता."

बाकी तिला काही नको होतं. तिचा नवरा मालट्रक चालवायचा, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. घरी ती आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी आयुष्यभर रेल्वेचं फाटक सांभाळलं होतं. गाडी यायची वेळ झाली की फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. शाळा त्यांची चौथीतच सुटली होती.

आता अडचण ऐका. सिस्टरला पाळ्या असत. सकाळपाळी असली की संध्याकाळी ती मोकळी. रात्रपाळी असली की वर्गातून थेट ड्यूटीवर जायची. पण दुपारपाळी लागली की संपलंच. वर्ग भरायचा तेव्हा ती वॉर्डात, आणि वॉर्डातून सुटायची तेव्हा वर्ग संपलेला. दुपारपाळी काही एकदोनदा नव्हे, सारखी यायची. अशाने हजेरी कशी भरणार? पहिल्या दुपारपाळीच्या आठवड्यात तिचा जीव नुसता वरखाली होत होता.

आणि मग त्या घराला एक तोडगा सुचला. दुसऱ्या कुठल्याही घराला तो सुचला नसता, हे मी पैजेवर सांगते. कारण ती दोघंही ज्या कामात मुरलेली होती, त्या कामाचा एक नियम होता. तुमच्या जागी दुसरं माणूस आल्याशिवाय तुम्ही जागा सोडायची नाही. त्या दुसऱ्या माणसाला ते बदली म्हणत. बदली आला नाही तर नर्स वॉर्ड सोडत नाही, ड्यूटी संपली तरी सोडत नाही. बदली आला नाही तर फाटकवाला फाटक सोडत नाही, जेवणाची वेळ टळून गेली तरी सोडत नाही. जागा रिकामी टाकून जाणं हा त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा गुन्हा. बदली पाठवणं मात्र साधं, सरळ, इमानाचं काम.

तेव्हा सोमवारी सहाच्या ठोक्याला वर्गाच्या दारात अण्णा उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस, खिशाला पेन. त्यांनी पाठीवरचे आकडे वाचत वाचत मला शोधून काढलं आणि बसले. आणि गंमत बघा, मित्रांनो! माझ्या मापात ते बरोब्बर बसले. अठरा वर्षांच्या पोरासाठी केलेली खुर्ची, आणि तिच्यात न वळता, न वाकता कोण मावलं, तर सत्तरी उलटलेले काटकुळे अण्णा.

सर आले. सर वाईट नव्हते, थकलेले होते. दिवसभर शिकवून संध्याकाळी पुन्हा शिकवायचे, आणि तेही पिवळ्या पडलेल्या जुन्याच कागदांवरून. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"सव्वीस."

अण्णा ताडकन उभे राहिले. म्हणजे राहायला गेले, माझ्या फळीत अडकले आणि अर्धवट वाकूनच म्हणाले, "हजर! सुनेच्या बदली आलोय."

वर्गात हशा पिकला. सरांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्याही ओठांवर हसू आलं. "बसा, बसा," ते म्हणाले आणि त्यांनी हजेरी लावली.

त्या दिवसापासून दुपारपाळी लागली की अण्णा यायचे. वहीत फारसं लिहायचे नाहीत, कान देऊन ऐकायचे. एखादी गोष्ट पटली की माझ्या फळीवर बोटाने दोनदा टकटक करायचे. बहुधा फाटकावरची सवय असेल. मी त्या टकटकीची वाट बघायला लागले होते. इतक्या वर्षांत माझ्या फळीवर बोटं पुष्कळांनी वाजवली, पण ती कंटाळ्याने. आवडलं म्हणून वाजवणारे अण्णा पहिलेच.

घरी गेल्यावर ते सुनेला सगळं सांगायचे. ड्यूटी संपल्यावर एक नर्स दुसरीला सांगते ना, कुठल्या पेशंटला काय झालं, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, अगदी तसं. सिस्टरनेच त्यांना ती पद्धत शिकवली होती. मग पुढच्या आठवड्यात ती शिवणवाल्या ताईंना नक्कल करून दाखवायची.

"अण्णा म्हणतात, 'सर पाच मिनिटं उशिरा. चेहरा उतरलेला. फळ्यावर चार मुद्दे, त्यातला तिसरा सरांना स्वतःलाच पटला नाही, पुसला. चौथा नीट झाला. वायरमन दोनदा पेंगला, तब्येत स्थिर.'"

ताई तोंडाला पदर लावून हसायच्या. मग सिस्टर गंभीर व्हायची. "पण ताई, धडा कळतो हं मला. अण्णा सांगतात, मी प्रश्न विचारते, ते अडले की दोघं पुस्तकात बघतो. चुलीवर काय आहे याची शुद्ध राहत नाही आम्हाला."

एकदा तर सरांनी धडा काढला तो मोठी माणसं कशी शिकतात, यावरचा. मोठ्या माणसाच्या पाठीशी काम असतं, घर असतं, अनुभव असतो, तेव्हा शिकवणाऱ्याने त्याच्या आयुष्याकडे बघून शिकवावं, असं सरांनी कागदावरून वाचलं. वर्गात अर्धी माणसं तिरकी बसली होती. सरांनी वर बघितलं नाही. अण्णांनी मात्र माझ्या फळीवर जोरात टकटक केली.

असं चाललं होतं. आणि एके दिवशी परीक्षा विभागाचा माणूस हजेरी तपासायला आला. त्याने नंबर पुकारले. सव्वीसला अण्णा उठले, नेहमीसारखे अडकले आणि नेहमीसारखंच म्हणाले, "हजर, सुनेच्या बदली."

या वेळी कुणी हसलं नाही.

दोन दिवसांनी शिपायाने मला उचललं आणि वरच्या मजल्यावर सभेच्या खोलीत नेलं. तिथे खुर्च्या कमी पडत होत्या, म्हणून माझी वर्णी लागली. टेबलापलीकडे विभागप्रमुख मॅडम, परीक्षा विभागाचे साहेब आणि आमचे सर. अलीकडे सिस्टर आणि अण्णा. सिस्टरने अण्णांना माझ्यावर बसवलं आणि ती शेजारी उभी राहिली. अण्णांनी माझी फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. किती घट्ट, ते मला कळत होतं, बाकी कुणाला नाही.

"हे गृहस्थ तुमच्या नंबरावर हजेरी देत होते?" साहेबांनी विचारलं.

"हो. मीच पाठवत होते," सिस्टर म्हणाली.

ती नाही म्हणेल, रडेल, असं साहेबांना वाटलं असावं. ते क्षणभर गडबडले. "याला तोतयेगिरी म्हणतात, कळतंय का तुम्हाला?"

"तोतया कसे, साहेब? त्यांनी कधी मी म्हणून सांगितलंय का? सुनेच्या बदली आलोय, असंच सांगायचे रोज. सरांना विचारा."

"खरं आहे," सर म्हणाले. टेबलाकडे बघून म्हणाले.

मॅडम पुढे झुकल्या. "पण कशासाठी हे सगळं?"

"मॅडम, दुपारपाळी असली की मला वॉर्ड सोडता येत नाही. आणि इथली जागा रिकामी टाकणं मला बरं वाटेना. आमच्याकडे बदली न देता जागा सोडली तर नोकरी जाते. मी इथली जागा एकदाही रिकामी सोडली नाही."  मग हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला बरं वाटेल."

 साहेबांनी समोरचा हजेरीचा कागद बाजूला सारला.

अण्णा उठायला गेले. "साहेब, कल्पना माझी. फाटकावर आमचं असंच असायचं हो. शिक्षा द्यायची तर मला द्या, पोरीला नको."

साहेब काही दुष्ट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "आजोबा, तुमच्या फाटकावर चालत असेल. बाई, हॉस्पिटलातही चालत असेल. पण इथे बदली चालत नाही. शिकणं ज्याचं त्यालाच करावं लागतं."

"मान्य आहे, साहेब," सिस्टर म्हणाली. "मग दुपारपाळीवाल्यांचा वर्ग कधी भरतो तेवढं सांगा. मी स्वतः येते. पहाटे असेल तर पहाटे येते. सुट्टीच्या दिवशी असेल तर तेव्हा येते."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी सरांकडे. तसा वर्गच नव्हता.

शेवटी मॅडमनी निर्णय दिला. मोठी कारवाई करणार नाही, पण अण्णा आले ते सगळे दिवस हजेरीतून कापले जातील. त्यामुळे हजेरी अगदी काठावर आली होती. आता सत्र संपेपर्यंत एकही दिवस चुकता कामा नये. एक जरी चुकला, तर यंदा परीक्षा नाही. "नियम सगळ्यांना सारखा आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते म्हणताना बरं वाटलं नसावं, असं मला वाटलं. मला परत वर्गात आणून ठेवलं तरी अण्णांच्या हातांची पकड कितीतरी वेळ माझ्या फळीवर राहिली होती.

पण सिस्टरच्या वॉर्डातल्या पोरी! त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. ज्यांचे थरथरणारे हात हिने धरले होते, त्याच त्या. त्यांनी हिच्या सगळ्या दुपारपाळ्या आपापसांत वाटून घेतल्या. एकजण म्हणाली म्हणे, "तिथे बदली चालत नाही ना? इथे चालते!" आणि सिस्टर रोज यायला लागली. धापा टाकत यायची, माझ्यावर धप्पकन बसायची, एका कुशीला वळायची. मला ते वजन इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

अण्णांना आता वर्गात यायची मनाई. पण ऐकायची चटक लागलेला माणूस घरी कसा बसेल? ते सुनेबरोबर यायचे आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरांच्या ते लक्षात आलं.  त्या दिवसापासून ते वर्गाचं दार उघडं ठेवायला लागले आणि जरा मोठ्याने शिकवायला लागले. पिवळे कागदही हळूहळू कमी झाले. बाहेरून अधूनमधून कठड्यावर दोनदा टकटक ऐकू यायची. ती आली की सर पुढच्या मुद्द्याकडे वळायचे.

दिवस सरत गेले. सत्राचा शेवटचा आठवडा आला. अण्णांचा खोकला मी दाराबाहेरून ऐकत होते. एक दिवस तोही ऐकू आला नाही. त्या दिवशी सिस्टर एकटीच आली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने वहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही.

आणि मग शेवटचा दिवस. सहा वाजले. सगळे आले. शिवणवाल्या ताई दाराकडे बघत होत्या. मीही बघत होते, मित्रांनो. खुर्चीला देव असतो की नाही मला ठाऊक नाही, पण असेल त्याला मी विनवत होते. वाटेवर पाय वाजले की मला वाटायचं, आलीच. तो पहारेकरी असायचा.

सरांनी हजेरी घेतली. तेवीस. चोवीस. पंचवीस.

"सव्वीस."

माझ्यावर कुणी नव्हतं. सरांनी मान वर केली. पुन्हा एकदा हळू आवाजात म्हणाले, "सव्वीस?"

"सर," ताई उठल्या, "अण्णांना सकाळी दवाखान्यात हलवलंय. छातीत पाणी झालंय म्हणतात. मुलगा ट्रक घेऊन लांब गेलाय, ती एकटीच तिथे आहे."

सरांचं पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. सगळा वर्ग त्या पेनाकडे बघत होता. एक खूण करायला काय लागतं? कुणी तक्रार केली नसती. पण सरांनी पेन हलवलं आणि गैरहजर असंच लिहिलं. नंतर ते ताईंना म्हणाले, "खोटी हजेरी मी लावली असती, पण तिला ती चालली नसती."

त्यांनी तास मात्र पूर्ण घेतला. इतका नीट तास त्यांनी वर्षभरात घेतला नव्हता. सारखे माझ्याकडे बघत होते. संपल्यावर खडूचे हात न धुताच ते ताईंना म्हणाले, "चला, मला तो दवाखाना दाखवा."

पुढचं मी बघितलेलं नाही. ताईंनी दुसऱ्या दिवशी वायरमनला सांगितलं, ते ऐकलेलं सांगते.

अण्णा खाटेवर होते, नाकाला नळी लावलेली. सिस्टर त्यांच्या उशाशी, घरच्या कपड्यांत. तिच्याच हॉस्पिटलातली एक तरुण नर्स तिला काकुळतीने सांगत होती, "सिस्टर, तुम्ही जायला हवं होतं. शेवटचा तास होता. मी म्हटलं होतं ना, मी बसते अण्णांजवळ, तुमच्या बदली."

सिस्टरने अण्णांच्या हातावरचा हात काढला नाही. ती म्हणाली, "नाही गं. इथे बदली चालत नाही."

सर दारातच थबकले होते. ते वाक्य त्यांनी आधी एकदा ऐकलं होतं. ते आत गेले, स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आजचा तास सांगायला आलोय. ऐकणार का?"

आणि त्यांनी दबक्या आवाजात सगळा तास पहिल्यापासून सांगितला. सिस्टर ऐकत होती, डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हती. अण्णांचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांना वाटलं, त्यांना काही कळत नाही. सरांचं शेवटचं वाक्य संपलं, तेव्हा अण्णांचं बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजलं.

अण्णा त्यातून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. शेवटपर्यंत सिस्टर त्यांच्याजवळ होती.

त्या वर्षी तिला परीक्षेला बसता आलं नाही. सर मॅडमकडे गेले, साहेबांकडे गेले, आणखी वर गेले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ खोटी नव्हती, पण नियम नियमाच्या जागी राहिला. नर्सिंगच्या शाळेतली ती जागा निकालानंतर भरली गेली. दुसरं कुणी तरी आलं, चांगलंच कुणी असेल, त्याबद्दल मी बोलत नाही. पण एकदा तरी पोरींना नीट, बसवून शिकवायचं, एवढीच ती इच्छा होती हो.

मला वाटलं, आता ती काही यायची नाही. कशासाठी येईल? पण पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी ती आली. ताईंनाही राहवलं नाही. त्या पास होऊन गेल्या होत्या, तरी मुद्दाम भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई गं, जागा तर गेली. आता ही पदवी घेऊन काय करणार?"

सिस्टर माझ्यावर तिरकी बसत म्हणाली, "अण्णांनी ऐकलेले तास माझ्याकडे आहेत. ते वाया जाऊ देऊ?"

त्या वर्षी एक गोष्ट झाली. सरांनी हट्ट धरला आणि पाळीवाल्यांसाठी रविवारी सकाळी तोच तास पुन्हा घ्यायची परवानगी मिळवली. मॅडमनी त्यावर ताबडतोब सही केली म्हणतात. पहिल्या रविवारी दोन नर्स, एक पहारेकरी आणि एक बसड्रायव्हर आले. एवढंच करायचं होतं! एका सकाळचं काम होतं ते. आदल्या वर्षी केलं असतं तर, असं माझ्या मनात येतं आणि माझा आखूड पाय डुगडुगायला लागतो.

सिस्टर पास झाली. मग वर्गात नव्या खुर्च्या आल्या. त्यांची फळी वर उचलता येते आणि मधे भरपूर जागा आहे. कुणीही बसावं, कसंही बसावं. आम्हाला भंगारात काढायचं ठरलं. बाकीच्या गेल्या, मी पाय मोडका म्हणून आधीच जिन्याखाली टाकलेली होते, ती तिथेच राहिले आणि माझ्यावर बादली आली.

मधे एकदा सिस्टर पदवीचा कागद न्यायला आली. आता कार्यालयाची खिडकी आठवड्यातून एक दिवस संध्याकाळीही उघडते. ती उघडेपर्यंत सिस्टर बसायला जागा शोधत होती. तिने बादली खाली ठेवली, तेव्हा तिला माझ्या पाठीवरचा आकडा दिसला. ती माझ्यावर बसली, सवयीने एका कुशीला वळून बसली. तिने माझ्या फळीवर बोटाने दोनदा टकटक केली. मग झाडणाऱ्या मावशींना म्हणाली, "मावशी, हिच्यावर बादली नका ठेवू. आमचे अण्णा बसायचे हिच्यावर."

तेव्हापासून मी मोकळी आहे.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी शिक्षक व्हाल, कुणी साहेब, कुणी मॅडम, कुणी खुर्च्या बनवाल. तो वेल्डर विचारत होता, विद्यार्थी म्हणजे केवढा धरू? त्याचा प्रश्न अगदी योग्य होता. तो तुम्हीही विचारा आणि फोनवर हात ठेवून उत्तर देऊ नका. तुमच्या घरी आई, काका, आत्या कुणी कामावरून दमून येऊन पुस्तक उघडत असेल, तर जरा सरकून त्यांना दिव्याखाली जागा द्या. आणि वर्गात रिकामी खुर्ची दिसली, तर गैरहजर लिहा, लिहायलाच हवं, पण ते माणूस या वेळी कुणाच्या उशाशी बसलं आहे, हे विचारल्याशिवाय वही मिटू नका. आणि कधी कुणी म्हातारं माणूस, केसांना पाणी लावून, दारात उभं राहिलं आणि सुनेच्या बदली आलोय म्हणालं, तर त्याला नियम नंतर सांगा. आधी बसायला सांगा.